दोनदा दाबलेला ब्रेक

मी आज जो काही आहे, तो सर्वांत जास्त काकांमुळे. काका माझे नात्याने कोणी नाहीत. पदवी घेऊन मी नाशिकला अंबडच्या ज्या कारखान्यात लागलो, तिथल्या टूलरूमचे ते फोरमन. पेठकडच्या डोंगरातल्या, भात-नागली पिकवणाऱ्या घरातून आयटीआय करून आलेले. कारखान्यात त्यांना सगळेच काका म्हणायचे, मॅनेजरसुद्धा.

मी नामपूरचा. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी इंजिनियर झालो तेव्हा आईने बाजारात ओळखीच्या प्रत्येक बाईला थांबवून ते सांगितलं. त्याच दिवाळीत मामाने जीपची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, चल, सटाण्यापर्यंत ने. मी किल्ली धरून नुसताच उभा राहिलो. आई म्हणाली, "इंजिनेर शेस ना तू? मंग तुले गाडी चालाडता येत नही?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं.

कारखान्यात चहाच्या वेळी मी हे काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. "रविवारी ये," म्हणाले. "डिग्री घरी ठेवून ये."

काकांची गाडी जुनी, लहान, एके काळी लाल असलेली. रविवारी ते ती शहराबाहेरच्या मुरमाच्या मैदानावर नेत. तिथे वर्षातून दोन-तीनदा हौशी लोकांची ऑटोक्रॉस भरे. मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. शंकू पडला की दंडाचे सेकंद वाढतात. शर्यतीसारखी शेजारी दुसरी गाडी नसते. द्राक्षबागायतदार, डॉक्टर, गॅरेजवाले, कंपनीतले लोक असे सगळे आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन येत.

पहिल्या रविवारी काकांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. शेजारी बसवून मैदानाला फेऱ्या मारल्या. "डोळे मिट. आता सांग, गाडी कुठल्या चाकांवर बसलीय?" मला काही सांगता येईना. सातव्या-आठव्या फेरीला कळू लागलं, की ब्रेक लागला की गाडी पुढे नाक टेकते, सोडला की मागे रेलते आणि डावीकडे वळली की उजवी चाकं तिला तोलून धरतात. हे सगळं कॉलेजात मी समीकरणांत लिहून चांगले मार्क मिळवले होते. पाठीला ते पहिल्यांदाच कळत होतं.

ब्रेक ते दोनदा दाबायचे. वळणाआधी एकदा हलकेच, मग पाय उचलून लगेच दुसऱ्यांदा जोरात. "पहिला ब्रेक गाडीला सांगायला, दुसरा थांबायला. न सांगता कुणाला ढकलावं का?" तरुण पोरं चेष्टा करायची, "काका, गाडीला विचारताय का, थांबू का म्हणून?"

"हां. आणि ती हो म्हणते. तुझी काय म्हणते ते त्या पडलेल्या शंकूला विचार."

मी गाडी शिकलो. पुढच्या दिवाळीला आईला मागे बसवून सटाण्याला नेलं. पण स्पर्धेत मी कधी उतरलो नाही. मला एवढा वेग मानवत नाही. काकांना ते समजलं होतं. ते म्हणाले, "कंपनीत तू माल तपासतोस. इथं गाड्या तपास." असा मी सुरक्षेचा तपासनीस झालो. काकांनीच वहीच्या पानावर यादी करून दिली होती. हेल्मेटचा पट्टा, सीटबेल्ट, चाकांचे नट, बॅटरीची पट्टी, ब्रेकचं पेडल. शेवटची ओळ होती, 'गाडीत सुटं काही नको', आणि तिच्याखाली दोन रेघा.

त्या ओळीवरून माझी लोकांशी फार भांडणं झाली. एक बागायतदार थर्मास काढायला तयार नव्हता. "अहो, चहा आहे नुसता." काका मागून म्हणाले, "गाडी थांबली की चहा पण थांबतो का? तो पुढंच येतो. काढ." एकदा दातांच्या डॉक्टरांच्या गाडीतून मी छत्री, पाण्याच्या दोन बाटल्या आणि त्यांच्या मुलीची एक चप्पल काढली. डॉक्टर चिडले, म्हणाले हा कोण मला सांगणारा. काका एवढंच म्हणाले, "पोरगा बरोबर हाय." तेवढं ऐकून मला दिवसभर छाती भरून आल्यासारखं वाटत राहिलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला काढून टाकायचं घाटत होतं, तेव्हा 'त्याला माझ्याकडं द्या' म्हणून मला ठेवून घेणारे काकाच. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. आईला मोतीबिंदूसाठी नाशिकला आणलं, तेव्हा काकूंनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं, डोळ्यांत औषध घातलं, तिच्याशी तिची अहिराणी बोलायचा प्रयत्न केला. हे सांगतोय, कारण पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी हे आहे. ती सबब नाही.

त्या हिवाळ्यातली स्पर्धा काकांची शेवटची. दोन महिन्यांनी ते निवृत्त होऊन गावी जाणार होते. काकू त्या दिवशी पहिल्यांदा मैदानावर आल्या. इतकी वर्षं "म्हातारपणी गोल गोल फिरायचं, लाज नाय" म्हणून त्या घरीच थांबायच्या. आदल्या दिवशी त्या गडावर जाऊन देवीची ओटी भरून आल्या होत्या.

मी काकांची गाडी तपासत होतो. काका पलीकडे पाठमोरे उभे राहून हेल्मेटचा पट्टा आवळत होते. काकूंनी पिशवीतून लाल खणात बांधलेला, गडावरून आणलेला नारळ काढला आणि काकांच्या सीटखाली ठेवला.

"काकू, गाडीत सुटं काही चालत नाही..."

"सुटं काय रे? देवीचा हाय. इतक्या वर्षांत एकदा तर आले मी. आणि ह्यांना सांगू नको, काढायला लावतील."

मी वाकलो. काढायलाच वाकलो होतो, हे मला पक्कं आठवतं. पण हात नारळावर गेला आणि मला त्या बाईच्या हातचं जेवण आठवलं, आईच्या डोळ्यांतलं औषध आठवलं. मी खणाची गाठ घट्ट केली, नारळ सीटखाली आत दाबून बसवला आणि शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

काकांनी कागदावर सही केली, न वाचता. "तू बघितलंस ना, मग झालं."

गाडी सुटली. काका नेहमीसारखे शांत चालवत होते, एकही शंकू हलला नाही. शेवटी एक लांब सरळ पट्टा, मग उजवीकडे अरुंद वळण. वळणाच्या पलीकडे जुन्या टायरांची रांग आणि तिच्यामागे पाटाचा भराव. गाडीचं नाक एकदा हलकंच झुकलं. पहिला ब्रेक. मग ते वर आलं. मी दुसऱ्यांदा झुकायची वाट पाहत राहिलो. ते झुकलंच नाही.

गाडी शंकू उडवत, टायरांची रांग फोडून भरावावर आदळली.

सर्वांत आधी मी पोचलो. हेल्मेट आणि बेल्ट यांनी काकांना वाचवलं होतं. ते शुद्धीवर होते. उजवा पाय पेडलांत अडकला होता आणि घोटा भलतीकडे वळला होता. ब्रेकच्या पेडलमागे लाल खणातला नारळ पाचरीसारखा बसला होता. तो ओढून काढला तेव्हा पाय सुटला. नारळ तडकला होता, पाणी माझ्या मनगटावरून बाहीत गेलं. एवढ्यात बाकीचे धावत आले. काकू आल्या. माझ्या हातातला तडकलेला नारळ पाहून त्या तिथेच मुरमात बसल्या आणि त्यांनी हात जोडले.

"घेतलंस गं आई. तुझ्यावर घेतलंस."

मागून कोणीतरी म्हणालं, "देवीनं वाचवलं काकांना." नारळ मी कुठून काढला, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

गाडीचे ब्रेक तपासायचं कामही माझ्याकडेच आलं. ब्रेकमध्ये काही दोष नाही, असं मी लिहून दिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दवाखान्यात काका छताकडे बघत म्हणाले, "पाय चुकला रे. दाबलं, तर काही खाली जाईना. मी पेडलवर नव्हतोच म्हणजे. बाजूच्या लोखंडावर दाबत बसलो असणार. वय झालं." मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होतो. मी सोलतच राहिलो. काकूंनी त्या नारळाचं खोबरं सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटलं. मलाही दिलं. मी ते खाल्लं.

काकांचा घोटा जुळला, थोडं लंगडणं राहिलं. गाडी त्यांनी भंगारात दिली. ते गावी गेले आणि पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. तीनदा मी सांगायचं ठरवून तिकडे गेलो. दर वेळी काकू भाकरी थापत समोर असत आणि त्यांच्या पाठीमागे देवघरात त्या नारळाची करवंटी, हळदकुंकू लावून ठेवलेली. तिन्ही वेळा जेवून परत आलो.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. नात अठरा वर्षांची झाली. आजोबा गाडी शिकवणार असं लहानपणापासून ठरलेलं, पण आजोबा आता गाडीत पुढच्या सीटवर बसायलाही तयार नाहीत. "तूच शिकव रे बाबा तिला." मागून काकांचा आवाज आला, "इंजिनियरसाहेबाला सांग, माझं शिकवलेलं नको शिकवू तिला. ते दोनदा दाबायचं वगैरे. चुकीचंच असणार ते."

मी फोन ठेवला आणि कागद घेतला. त्यांच्या पाड्यावर फोन मधेच तुटतो, आणि लागला तरी काकू उचलतात. पत्र मात्र पोस्टमन काकांच्याच हातात देतो. त्यात लिहिलं ते असं:

काका, नमस्कार.

हे पत्र एकट्याने वाचा. तुमचा पाय चुकला नव्हता. पेडलमागे नारळ अडकला होता. काकूंनी तो सीटखाली ठेवला तेव्हा मी तिथे होतो. त्या मैदानावर पहिल्यांदा आलेल्या, त्यांना काय माहीत. मला माहीत होतं. तुम्हीच शिकवलं होतं. मी तो काढला नाही, उलट आत दाबून बसवला आणि यादीवर खूण केली. तुम्ही पहिला ब्रेक दाबलात तेव्हा तो पुढे घरंगळला असणार आणि पाय उचललात तेवढ्यात पेडलमागे शिरला. दुसरा ब्रेक तुम्ही दाबलात, पण पेडलला खाली जायला जागाच नव्हती. तुमच्या पायाखालून तो नारळ मी माझ्या हाताने काढला.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता मैदानावर गेलो होतो. कंपनीतला टेप सोबत होता. तुम्ही ब्रेकसाठी चुन्याची खूण करून ठेवायचात ना, तुमच्या चाकांची पहिली खरड तिथून वीतभर अलीकडे सुरू झाली होती. वीतभर अलीकडे, काका. तुम्हाला उशीर झाला नव्हता. मोजलेला आकडा अजून माझ्या वहीत आहे. तो मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवा होता. मी घाबरलो. तुमच्या घरी माझं येणं-जेवणं बंद होईल, याला घाबरलो. तुम्ही स्वतःला म्हातारं समजू लागलात, ते मी बघत राहिलो.

काकूंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर देवघरातली करवंटी तशीच राहू द्यावी. दोष त्यांचा नाही.

नातीला मी शिकवणार नाही. मला जे येतं ते तुमचंच आहे, आणि ते बरोबर आहे. मी रोज कामावर जाताना दोनदाच ब्रेक दाबतो.

रविवारी सकाळी माझी गाडी घेऊन येतो. तुम्ही घरात घेतलं नाहीत तर किल्ली ओट्यावर ठेवून बसने परत जाईन. गाडी महिनाभर तिथेच राहू द्या. पोरीला चालवायला बसवा, तुम्ही शेजारी बसा. फक्त बसायच्या आधी दोन्ही सीटखाली हात घालून बघा. तुम्ही स्वतः बघा. मी बघितलंय म्हटलं तरी ऐकू नका.