उडत्या माणसाचं मराठी

सुपरहिरोच्या सिनेमात मारामारी किती असावी आणि रडारड किती, यावर माझी दोन्ही मुलं जेवताना भांडतात. थोरल्याला नुसत्या इमारती कोसळायला हव्या असतात. धाकटा म्हणतो, हिरोला आधी काही दुःख नको का, नाहीतर त्याच्या उडण्यात मजा काय? मी मध्ये पडत नाही. या विषयातलं मला जे काही कळतं ते लग्नानंतर लगेच, राजूरजवळच्या आमच्या खेड्यात एका दुपारी कळलं. शिकवणारे होते माझे चुलत सासरे, आमचे काका. त्यांची शाळा इंग्रजीत नापास होण्याइतकीही झालेली नव्हती.

लग्नाची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी घरी व्हिडिओ आणायचा, अशी तेव्हा आमच्याकडे पद्धत होती. टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी भाड्यानं यायच्या जालन्याहून, आणि कॅसेट निवडायचा मान काकांचा. तरुणपणी ते जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात होते आणि तिथं त्यांनी इंग्रजी सिनेमे बरेच पाहिले होते. तेवढ्यावर गावानं ठरवून टाकलं होतं की यांना इंग्रजी येतं. पडद्यावर गोरी माणसं बोलायला लागली की काका टीव्हीशेजारी उभे राहून मराठीत सांगायचे. त्यांची रीत सोपी होती. मारामारी पूर्ण दाखवायची, आणि दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली की "काही न्हाई, घरगुती चालू हाये," म्हणून बटण दाबून पुढं पळवायचं. हिरोची आई शिंक येऊन जाईपर्यंत मरून जायची.

माझ्या पूजेच्या वेळी मात्र काकू काकांशी बोलत नव्हत्या. झालं होतं असं की चतुर्थीला दोघं फटफटीवरून राजूरच्या गणपतीला गेले. परत निघताना काकू बत्तासे घ्यायला दुकानापाशी उतरल्या. काका फटफटी चालूच ठेवून कुठल्याशा सिनेमातली मारामारी सांगत होते. काकू उतरल्याचं त्यांना कळलंच नाही. ते मारामारी सांगत सांगत थेट घरी आले, अंगणात गाडी लावली, शेवटचा ठोसा सांगितला आणि मागं वळून म्हणाले, "मंग? कशी हाये ष्टोरी?" मागं कुणी नव्हतं. दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

काकू संध्याकाळी जीपमधून, दोन शेळ्यांच्या मध्ये बसून, बत्तासे घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी हसनाबादला भावाला निरोप धाडला की मला न्यायला ये, आता मी नांदायची नाही. भाऊ आला तो नेमका व्हिडिओच्या दिवशी. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं आणि पिशवी भरून दारापाशी ठेवली गेली. काकू बोललेलं करतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या घरात माझ्या करपलेल्या भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्या गेल्या तर माझं कसं होणार, म्हणून मला रडू येत होतं.

दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून सिनेमा सुरू झाला. पोरं पुढं, पुरुष भिंतीला टेकून, बायका मागं. सर्वांत मागं काकू टीव्हीकडे पाठ करून कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. पडद्यावर पाठीला चादर बांधलेला आणि पॅन्टवरून चड्डी घातलेला एक माणूस गोऱ्या मुलीला घेऊन उडत होता. तेवढ्यात कुठंतरी स्फोट झाला. तिला एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून तो निघून गेला. परत आला तेव्हा ती रागावलेली. दोघं हळू बोलायला लागले.

"काका, पळवा पुढं!" पोरं ओरडली.

काकांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी घसा खाकरला. "ती म्हणती, मला इथं सोडून कुठं गेल्ता?"

बायकांच्या माना वर झाल्या.

"मंग तो काय म्हणतो?" सासूबाईंनी विचारलं.

"तो म्हणतो, मला वाटलं, तू मागंच बसली हाये."

"उडता माणूस हाये तो," एक पोरगं म्हणालं. "मागं कुठं बसंल ती?"

"तू चूप बस."

मागून काकूंचा आवाज आला, "त्याला म्हणावं, वळून बघायला मान आखडली होती का?"

पडद्यावर तेवढ्यात व्हिलन येऊन ठेपला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकांनी सिनेमाच थांबवला. हिरोच्या नाकापाशी व्हिलनची मूठ थरथरत लटकून राहिली. "तो म्हणतो," काकांचा आवाज बारीक झाला, "चुकलं माझं. दुनियेची मारामारी बघता बघता घरचं माणूस राहून गेलं."

"त्याचं तोंड तर बंद हाये!"

"मनात म्हणून राह्यला तो!"

काकूंच्या भावाला शंका आली. "दाजी, हे काही बराबर वाटत न्हाई. नवी सून बारावी शिकलेली हाये, तिला इचारा."

सगळं घर माझ्याकडे वळलं. मला जेवढं कळलं होतं त्यावरून तो हिरो एका धरणाबद्दल बोलत होता. मी पदर सावरला आणि म्हणाले, "काका बिलकुल बरोबर सांगतात." मग अंगात आलं म्हणून पुढं जोडलं, "उलट कमीच सांगतात." सासरी बोललेलं माझं ते पहिलं खोटं, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे.

मग काकांनी सिनेमा पुन्हा चालू केला. पण आता प्रत्येक ठोशाला कारण होतं. हा ठोसा ती गच्चीवर एकटी बसली म्हणून, हा ती उपाशी राहिली म्हणून. एरवी मारामारीत जांभया देणाऱ्या सासूबाई "हाण अजून एक!" म्हणाल्या. काकूंची कोथिंबीर निवडून कधीच झाली होती, तरी त्या काड्या इकडून तिकडं करत होत्या.

सिनेमा संपला. भावानं डोळे पुसले आणि पिशवी उचलली. "चल आक्का, जल्दी. गाडी येईल."

काकू उठल्या. पोरांमधून वाट काढत टीव्हीपाशी आल्या आणि चतुर्थीनंतर पहिल्यांदा काकांशी सरळ बोलल्या. "शेवटी तो काय म्हणला? खरं सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सगळं गाव त्यांना ज्या एका गोष्टीसाठी मानत होतं, ती गोष्ट त्यांनी गावासमोरच सोडून दिली.

"मला कुठं इंग्रजी येतं," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं. ते सगळं मीच म्हणून राह्यलो होतो."

"ते मला लग्नापासून ठावं हाये," काकू म्हणाल्या. "तो गोरा असं कशाला बोलंल? तुम्ही बोलता का, तेच ऐकत बसले होते मी."

त्यांनी भावाच्या हातातून पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या, "चल गं, चूल पेटव. पाहुण्याला जेवू घालू. सकाळच्या गाडीनं जाईल तो एकटा."