आत्तीच्या घरपट्टीची सुनावणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि मी कोण, तर लग्नाच्या पंगतीत समोरची जिलबी गार होईस्तोवर बोलणारा माणूस.

आमच्या घरात माझी एक गोष्ट फार चालते. "नाना, ते साहेबाशी भांडलेलं सांगा की!" पोरं म्हणतात, आणि मी टोपी मागं सारून सुरू होतो. साहेब कसा चिडला, मी टेबलावर मूठ कशी आपटली... दर लग्नात मूठ जरा जोरातच आपटते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. सांगलीजवळच्या तालुक्याच्या गावात माझी आत्ती एकटी राहायची. नवरा फौजेतून परतला आणि लवकरच गेला. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीला रस्त्यावरची खिडकी — तिथं बसून ती ज्वारी निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. त्या साली घरपट्टी वाढून आली. का? तर पुढची खोली भाड्यानं दिली तर चांगलं भाडं येईल म्हणून!

"दिली तर म्हंजे? मी कुठं दिलीया?" आत्ती म्हणाली.

हरकत घेतली, नगरपालिकेत साहेबापुढं सुनावणी लागली. गुडघ्यांमुळं तिला चालवत नव्हतं. "तूच जा रं. तुझ्याएवढं बोलाय येतंय कुणाला?"

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माझ्या आधी एक म्हातारे पिंजारी चाचा होते. "साब, घर मोठं हाय, पर ऱ्हाणारा मी एकलाच." साहेबानं त्यांची नक्कल केली, कारकून खदखदले — आणि हसता हसताच साहेबानं त्यांची पट्टी कमी केली. म्हणजे होत होतं हो. नुसतं तोंड उघडायचं होतं.

मग आत्तीचं नाव पुकारलं.

मी उठलो नाही. मला हसतील — एवढंच वाटलं? हो, एवढंच. दुसऱ्यांदा पुकारलं. मी खांबाआड वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. पायात चपला होत्या. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि तिचा कागद खाली गेला — वाढीव पट्टी कायम.

आत्तीला सांगितलं, "लय भांडलो. साहेब ऐकंचना."

तिनं कानशिलावर बोटं मोडली. गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले. ते मी खाल्ले.

पट्टी झेपेना, म्हणून तिनं पुढची खोली खरंच भाड्यानं दिली — कुपवाडला कामाला जाणाऱ्या एका जोडप्याला. स्वतः मागं गेली, चुलीपाशी, बिनखिडकीच्या खोलीत. त्या जोडप्यालाही ती माझं कौतुक सांगायची. टेबलावरची ती मूठ — ती तिनंच घातलेली. मी नुसती राहू दिली.

शेवटपर्यंत ती त्याच खोलीत होती. मी दारात उभा राहिलो, की सुपातली ज्वारी बोटांनी चाचपत अंधारातून विचारायची, "कोण? माझा वकील व्हय?"

मी "व्हय" म्हणायचो.