आमचा तरणतलाव

धाकटी बहीण कालव्यात पडली तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर होते. बारामतीत आमच्या वस्तीमागूनच कालवा जायचा. दिवाळीआधी आम्ही दोघी गोधड्या धुवायला गेलो होतो. भिजून जड झालेली गोधडी तिनं ओढली आणि गोधडीबरोबर तीच पाण्यात गेली. मी कॉलेजात शिकणारी, एकोणीस वर्षांची, काठावर उभी राहून नुसती ओरडत होते. मला पोहता येत नव्हतं.

पलीकडं भाजीच्या पाट्या धुणाऱ्या एका बाईनं काष्टा खोचला आणि धाडकन उडी घेतली. वेणी धरून तिनं बहिणीला काठाशी आणलं, पालथी घातली, पाठीवर थापा मारल्या. बहीण खोकली, ओकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. तेव्हा कुठं त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं.

"पाण्याकाठी ऱ्हाता आन् पवाय येत न्हाय?"

"कोण शिकवणार, काकू?"

"मी शिकिवते की. रविवारी काटेवाडीला या. दोघीबी."

आई नकोच म्हणत होती. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या लहानपणी, आम्ही बौद्ध व्हायच्या आधी, गावातल्या विहिरीची पायरी उतरायची आमच्या माणसांना सोय नव्हती. कुणीतरी वरून पाणी ओतायचं, मग घागर भरायची. ते म्हणाले, "जा. नीट शिकून या."

काकूंची विहीर उसाच्या फडाला लागून होती. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून त्यांनी आम्हाला पाण्यात ढकललं. "हात मार! पाय मार! रडायचं आसंल तर पवत पवत रड!" पहिल्या दिवशी मी पोटभर पाणी प्यायले. तिसऱ्या रविवारी डबा सुटला आणि मला तो सुटल्याचं कळलंच नाही. त्या आनंदात मी इतकी किंचाळले की कडेच्या लिंबावरचे बगळे उडाले.

एकदा शेजारचा एक म्हातारा विहिरीत डोकावून म्हणाला, "कुणाच्या पोरी म्हनायच्या ह्या?"

काकू पाण्यातूनच म्हणाल्या, "पवायला शिकनाऱ्या. तुमची नात धाडा, आबा."

नात खरंच आली. हळूहळू माझ्या वर्गातल्या मुलीही यायला लागल्या. उन्हाळ्यात मात्र विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि आमचं शिकणं थांबलं. तेव्हा आमच्या कॉलेजातल्या खेळाच्या बाई म्हणाल्या, "मग नगरपालिकेकडं गावातच पोहायचा तलाव मागू. शेजारी खेळायला एक हॉलही मागू. पावसाळ्यात मुलींनी जायचं कुठं?"

अर्ज मी लिहिला. वळणदार अक्षरासाठी चार कागद वाया घालवले. आठवडी बाजारात टेबल टाकून आम्ही सह्या घ्यायला बसलो. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी शाईचा पॅड ठेवला. काकू भाजी विकता विकता ओरडायच्या, "मेथी घ्या, आन् तितं पोरींच्या कागदावर अंगठा द्या!" इंदापूरला माझी मामेबहीण होती. तिनं सह्या घ्यायला तिथल्या स्टँडवर मैत्रिणी उभ्या केल्या आणि कागदांचा गठ्ठा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. तो घ्यायला मी स्टँडवर अक्षरशः पळत गेले.

गावात सभा झाली. बरेच जण आमच्या बाजूनं बोलले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पण सगळ्यांची पोरं एकाच पाण्यात?" सभेत कधी तोंड न उघडणारे माझे वडील उभे राहिले.

"नियम करा," ते म्हणाले. "पाण्यात उतरायच्या आधी साबण लावून अंघोळ. सगळ्यांनी. त्यापुढं कुणी कुणाला काही विचारायचं नाही."

आधी खेळाच्या बाईंनी टाळी वाजवली, मग साऱ्या सभेनं.

तरी नगरपालिकेत ज्यांच्या हातात निर्णय होता ते साहेब हसून म्हणाले, "सह्या ठीक आहेत हो. पण बायका पोहायला येणार आहेत का? उगाच बांधून ठेवायचा."

"पाऊस झाला की काटेवाडीला या, साहेब," बाई म्हणाल्या. "डोळ्यांनी बघा."

विहीर भरली आणि एका रविवारी साहेबांची जीप उसाच्या कडेला येऊन थांबली. बरोबर त्यांच्या पत्नीही होत्या. आम्ही बावीस जणी पंजाबी ड्रेसच्या ओढण्या कंबरेला गच्च बांधून तयार होतो. पहिली उडी काकूंची, नऊवारीत, थेट मोटेचे बैल जिथून चालायचे त्या जुन्या धावेच्या टोकावरून. मग मी, मग माझी बहीण, मग आबांची नात. बघता बघता विहीर डोक्यांनी भरून गेली. वरून अख्खं गाव बघत होतं, शिट्ट्या, आरोळ्या, हसणं.

आणि साहेबांच्या पत्नी चपला काढून पायऱ्या उतरू लागल्या. पदर खोचला, पाण्यात शिरल्या आणि संथपणे विहिरीला एक पूर्ण फेरी मारून आल्या.

"अगं, तुला येतं?" साहेब वरून ओरडले.

"मी कोकणातली आहे, विसरलात?" त्या तोंडावरचं पाणी पुसत म्हणाल्या. मग आमच्याकडं वळून हळूच सांगितलं, "बायकांची वेगळी वेळ लेखी मागा. तोंडी शब्दावर जाऊ नका."

आम्ही लेखी मागितली आणि मंजुरीही मिळाली. तरी तलाव व्हायला दोन वर्षांहून जास्त गेली. मध्ये काम अडलं, आम्ही पुन्हा पुन्हा नगरपालिकेत जाऊन बसलो. माझं कॉलेज संपलं तरी मी अर्ज लिहीतच होते. अखेर तलाव झाला, शेजारी टेबल टेनिसचा आणि कॅरमचा हॉल झाला, आणि दारावर पाटी लागली: साबण लावून अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरू नये. वडील ती पाटी वाचत बराच वेळ उभे होते.

बायकांच्या पहिल्या सकाळी दार उघडायच्या आधीच रस्त्यापर्यंत रांग होती. काकूंनी पाण्याचा वास घेऊन नाक मुरडलं. "दवाखान्यावानी वास येतुया," म्हणाल्या आणि उडी टाकली. त्यांच्या मागोमाग इतक्या जणी उतरल्या की ओरडून ओरडून खेळाच्या बाईंचा घसा बसला. इंदापूरच्या मुली पहिल्या एसटीनं आल्या होत्या. दुपारी ओल्या केसांनीच परत निघताना मामेबहीण मला म्हणाली, "अर्जाची नक्कल दे. आम्हालाही आमच्या गावात पाहिजे."

मी तिथंच पायरीवर बसले आणि लिहायला घेतलं.