गाव किती लांब

साताऱ्यातला अकरावीचा वर्ग. सरांनी फळ्यावर लिहिलं, चाल म्हणजे अंतर भागिले वेळ. मग मला उठवलं.

"तुझं उंब्रज इथून किती लांब?"

"एक तास, सर."

वर्ग फुटला. मागून एक पोरगा ओरडला, "गड्या, हिची पट्टी घड्याळात हाय!" सर त्याला दटावतील असं वाटलं. सरच हसत होते.

"अंतर विचारलं, वेळ नाही. गाद्या भरणाऱ्याच्या घरात पट्टी नसते वाटतं."

उत्तर चुकलं होतं. मान्य. पण चुकले मी होते, अब्बा नाही. कापूस पिंजून, गाद्या भरून ते मला शिकवत होते. आणि आमच्याकडं गाव किती लांब विचारलं की सगळेच तास सांगतात. बागायतदारांची पोरंसुद्धा. त्यांना सरांनी उठवलंच नाही.

त्या दिवसापासून मी 'एक तास' झाले. हजेरीलासुद्धा.

दिवाळीनंतर संस्थेचे पाहुणे वर्गात आले. त्यांना पुढं पाचगणीला जायचं होतं. एकानं विचारलं, "लांब आहे का हो?"

"छे, सव्वा तास," सर म्हणाले.

कुणी हसलं नाही. माझंच उत्तर. मोटारीत बसणाऱ्यानं दिलं म्हणून चाललं. मी उभी राहिले.

"सर, अंतर विचारलंय. किलोमीटरमध्ये सांगा."

सरांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला पुढं बोलावलं. "माफी माग. बारावीच्या प्रॅक्टिकलचे गुण माझ्या हातात आहेत."

ते खरं होतं. त्या गुणांवर माझं पुढचं शिक्षण होतं.

"न्हाई मागणार." घरची बोली तोंडात आली. येऊ दे.

बारावीला त्यांनी गुण कापले. हवं ते कॉलेज हुकलं. दुसरीकडून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. अनेक शिक्षकांची मी ऋणी आहे. या माणसाची नाही. त्यानं एवढंच विचारायचं होतं, "एक तास कशानं? एसटीनं की चालत?" तिथूनच तर चाल समजायला लागते. तेवढं शिकवता येईना, म्हणून बाप काढला.

आता मी शिकवते. माझ्या वर्गात उत्तर चुकलं तर उत्तरच दुरुस्त होईल. कुणाचा बाप काढला, तर काढणाऱ्याला मी दार दाखवीन. मग तो पोरगा असो, नाहीतर संस्थेचा अध्यक्ष.