संत्रं सोडलेली काकू

नागपुरात जन्म काढून संत्रं तोंडात न घालणारी बाई मी एकच पाहिली, ती आमची टॉकीजकाकू. तिला संत्रं बाधत नव्हतं. एकेकाळी ती एका बैठकीत डझनभर संपवून सालींची रास पदराआड लपवायची. पण तिनं ते सोडलं. बायका काशीला जाऊन आवडतं फळ सोडतात. काकूनं ते टॉकीजच्या बालकनीत सोडलं, आणि तेही पडद्यावरच्या एका राणीसाठी.

यावरून काकू भोळी होती असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. इतवारीत काकांचं भांड्यांचं दुकान होतं. दुपारी काका जेवायला घरी आले की दुकानात काकू बसे, आणि पाण्याच्या पितळी गुंडावर बोटाचं पेर वाजवून जोड कुठे आहे ते सांगे. सिनेमा खोटा असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्या माहितीचा तिला काही उपयोग दिसत नसे.

पडद्यावरच्या माणसांशी ती बोलायची. राजपुत्राच्या पाठीमागे राक्षस आला की म्हणायची, "मागं पाह्य गा, मागं." एकदा मी दबक्या आवाजात म्हटलं, "काकू, त्याले ऐकू नाही येत." त्यावर म्हणाली, "इतके जण पाहून राहिलो आपण. एकानं तरी सांगाले नको?" काका सिनेमाला येत नसत, म्हणून सोबतीला माझी नेमणूक होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, नुकती मिशी फुटलेली, आणि बालकनीत वर्गातलं कुणी भेटू नये अशी प्रार्थना करत बसायचो. ती कधी फळाला आली नाही.

त्या जादूच्या तलवारवाल्या सिनेमाचे एकूण चार भाग निघाले. तिसऱ्याच्या शेवटी दुष्ट जादूगार राजपुत्राच्या आईला शाप देतो आणि राणी उभ्या जागी दगड होते. राजपुत्र धावत येतो, हात पुढे करतो, आणि तिथेच पडद्यावर अक्षरं येतात, की बाकी पुढच्या भागात. दिवे लागले. बायका डोळे पुसत होत्या. काकूनं पांढऱ्या पडद्याकडे पाहून हात जोडले आणि सरळ म्हणाली, "देवा, तिले सोडव. ते सुटेपर्यंत मी संत्रा सोडला."

मी हसलो. ती हसली नाही.

चौथा भाग यायला चार वर्षं लागली. आमच्याकडे संत्र्याचे बहार दोन, मृग आणि अंबिया. म्हणजे आठ बहार काकूच्या डोळ्यांसमोरून गेले. त्या आठही बहारांत सगळ्यांना संत्री सोलून द्यायची ती तीच. फोडीवरचा पांढरा धागा अन् धागा काढायची आणि बोटं चाटायची नाही, धुवायची. काका वैतागत. "अवं, ते बाई मुंबईत पंख्याखाली बसून चहा पिऊन राहिली असन," म्हणत.

"बाई पिऊन राहिली असन," काकू म्हणायची. "राणी नाही."

अखेर एके दिवशी टांग्यावर भोंगा बांधून, दोन्ही बाजूंना फलक लावून चौथा आणि शेवटचा भाग जाहीर झाला. मी पहिल्याच दिवशी, पहिलाच खेळ, थर्डात बसून पाहिला. जादूगार मेला तेव्हा शिट्ट्यांनी छत हललं. पण पुढे घात झाला. शाप उतरवणारा मणी एकच, आणि शहराला आग लागलेली. राजपुत्रानं मणी आगीत टाकून शहर वाचवलं. आई दगडच राहिली. त्यानं तिच्या गळ्यात हार घातला, पाऊस पडू लागला, समाप्त. टॉकीजमध्ये आधी कुणाला खरंच वाटेना. मग चपला पडद्याकडे निघाल्या. जिन्यावर एक पैलवान गडी रडकुंडीला येऊन म्हणत होता, "चार भाग पाह्यले, अन् बुढीले बाहेर उभीच ठेवली लेकानं." पानठेल्यावर दोघांची कॉलर धरण्यापर्यंत गेली, शहर मोठं की आई मोठी म्हणून.

मी सायकलवर घरी येताना वाटेत चार संत्री घेतली. आठ बहार तिच्यासमोर संत्रं खाताना माझ्या घशात अडकत होतं, ते मला एकदाचं संपवायचं होतं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणालो, "सुटली, काकू. शेवटी सुटली."

काकूनं एक संत्रं उचललं. नाकाशी नेलं. डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि परत ठेवलं.

"तू पाह्यलं," ती म्हणाली. "मी कुठं पाह्यलं?"

रविवारी गल्लीतल्या सहा बायका घेऊन ती निघाली. मला पोटदुखी आठवली, पण चालली नाही. अंधारात तिच्या शेजारी बसून मी शेवटाची वाट पाहत होतो, परीक्षेच्या निकालाची पाहावी तशी. हार घातला गेला, पाऊस पडला. पुढच्या रांगेतली एकजण म्हणाली, "मेल्यानं आईपक्षा गाव मोठं केलं." तिच्या शेजारणीनं विचारलं, "मंग काय वं, गाव जळू द्याव का?" भांडण जुंपलं. जिना उतरताना काकू मला म्हणाली, "खोटं काहून बोलला गा?"

"तुझ्यासाठी, काकू."

"मले घाई नव्हती. तुले होती."

मला वाटलं आता विषय संपला. पण फाटकाशी काकू थांबली. म्हणाली, शेवटी दगडाच्या डोळ्यात पाणी होतं, ते पावसाचं नव्हतं. मी बुडत्यासारखा त्याला चिकटलो. "मंग सुटलीच ना, काकू. दगड कुठं रडते?"

ती लगेच मान डोलवणाऱ्यांतली नव्हती. पुढचे पाच दिवस तिनं तो सिनेमा रोज पाहिला आणि रोज खेळ सुटल्यावर फाटकाशी उभं राहून येणाऱ्याला विचारलं, "तुमाले काय दिसलं? पाऊस, का डोळ्यातलं पाणी?" मी दोन पावलं लांब, सायकलची हवा तपासत. काहीजण हसून पुढे गेले. बरेचजण थांबले. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "मायच्या डोळ्यातलंच होतं." एक शाळामास्तर म्हणाले, "पाऊस उभा पडत होता, थेंब आडवा ओघळला." दोन मुली ते नक्की करण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. डोअरकीपरनं तर शपथेवर डोळ्यातलं पाणी म्हणून सांगितलं. पावसाच्या बाजूनं शेवटी काका उरले, आणि त्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता.

निकाल लागला म्हणून गल्लीतल्या बायका संत्री घेऊन आमच्या ओसरीवर जमल्या. एकीनं सोलून फोड पुढे केली. सगळ्याजणी काकूच्या तोंडाकडे बघत होत्या. मीही.

"रडली, हे खरं," काकू म्हणाली. "पण सुटली का?"

काकूनं ती फोड घेतली, धागा काढला आणि शेजारणीच्या तोंडात घातली.

सिनेमा गेला, पाचवा भाग कधी निघाला नाही. मी नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, पोट सुटलं. मी आजवर चहा सात वेळा सोडला आहे, सिगारेट मोजवत नाही. एकदा चहा सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी कप तोंडाला लावलेला काकूनं पाहिला. मी ओशाळलो. तिनं विचारलं, "कोणाले सांगून सोडला होता का?"

"नाही."

"मंग पी."

शेवटचं वर्षभर काकू अंथरुणावर होती. फार सोसलं. गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण तेच म्हणे, "सुटली बिचारी." दहा दिवस तो शब्द कानांवर पडत होता, आणि दहाव्या दिवशी घाटावर जाताना मी मनाशी ठरवलं, की काकू सुटली म्हणजे तिचा नेमही सुटला. पानावर भाताच्या पिंडाशेजारी तिच्या आवडीचं म्हणून मी एक मोठं, पातळ सालीचं संत्रं ठेवलं.

कावळे होते. भिंतीवर बसून पाहत होते. एक खाली उतरला, पानाभोवती फिरला आणि परत गेला. अर्धा तास झाला. कुणी म्हणालं, काकांचं सगळं नीट करू म्हणून सांगा. ते सांगून झालं. कावळ्याला आंबट वास आवडत नसेल, हे मलाही कळतं.

काका इतका वेळ काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "तो संत्रा उचल, बाबू."

"काका, आता तरी..."

"उचल. राणी नाही सुटली अजून."

मी संत्रं उचललं. ते हातात धरून मागे सरकलो, तोच कावळा भाताला शिवला.