खारतळचा सहाचा फुटबॉल

शालिकराम उमाळ्याला सहाच्या फुटबॉलबद्दल काही विचारायचं असेल, तर आधी घरी फोन करून सांगावं की जेवायला वाट पाहू नका. एकदा सुरू झाला की हा माणूस थांबत नाही. तसा तो भाजीवाला. मूर्तिजापूर तालुक्यातल्या खारतळ गावी दीड एकर ओलिताचं वावर, त्यात मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहाटेच्या गाडीनं अकोल्याला यायचं, जुड्या विकायच्या, आणि दहाच्या सुमाराला टोपली रिकामी झाली की पिशवीतून शंभर पानी वही काढून म्हाताऱ्या माणसांची घरं धुंडाळत फिरायचं. बाजारातल्या लोकांनी त्याचं नाव 'प्रोफेसर' ठेवलं होतं. त्याला राग येत नसे. खरं सांगायचं तर बरंच वाटे.

सहाचा फुटबॉल हा त्या भागातल्या लहान शाळांचा खेळ. जिथं अख्ख्या शाळेचा पट पन्नासच्या आत, तिथं अकरा पोट्टे आणायचे कुठून? म्हणून एका बाजूनं सहा. मैदान लहान, आणि मैदानाच्या बरोबर मधोमध जमिनीत ठोकलेली एक लाकडी खुंटी. चेंडू खुंटीला लागला की तो समोरच्या संघाला देऊन टाकायचा. दुसरीकडं कुठं फुटबॉलमध्ये अशी भानगड नसेल, पण इथं आहे, आणि पंचही ती मुकाट्यानं पाळतो.

या लहान शाळांच्या स्पर्धेला यंदा पन्नास वर्षं होत होती. स्मरणिका निघणार होती. समितीचे शेखर सर भले माणूस. त्यांनी खेळाच्या उगमाची तीन पानं शालिकरामकडं सोपवली, कारण उगम तर साऱ्या पंचक्रोशीला पाठ होता. खारतळच्या शाळेचे चपराशी जानराव उमाळे यांनी एकाहत्तर साली सातवीच्या बारा पोरांचे दोन भाग केले, मधे खुंटी ठोकली आणि खेळ सुरू केला. हे जानराव म्हणजे शालिकरामचे वडील. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. जन्मभर घंटा वाजवली, पाणी भरलं, आणि कागदावर नाव आलं ते फक्त हजेरीपुस्तकात. बापाचं नाव एकदा तरी छापून यावं, एवढीच शालिकरामची इच्छा होती. त्याच्या आईनं, दुर्गाबाईनं, ते पान फ्रेम करून लावायला भिंतीवरची जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

घोळ केला तो शेखर सरांनी. बारा पोरं होती म्हणून सहा-सहा, हे पटलं, पण खुंटी कशासाठी, असं त्यांनी सहज विचारलं. आयुष्यभर शालिकराम त्या खुंटीभोवती पळाला होता, पण हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

मग सुरू झाली चौकशी. सात गावं, एकतीस म्हातारे. एक म्हणाला, खुंटी बकरी बांधायची होती, ती काढायला कोणी गेलंच नाही. दुसऱ्यानं सांगितलं की अमरावतीहून आलेल्या साहेबांचा तसा हुकूम होता. तिसऱ्याला नीट ऐकू येत नव्हतं, त्यानं कपाशीचा भाव सांगितला. शालिकरामनं सगळं इमानानं वहीत उतरवलं. एकतीस म्हातारे, आणि म्हातारी एकही नाही. आता या शहाणपणाला काय म्हणावं? फुटबॉल म्हटलं की पुरुषांनाच विचारायचं, हे त्यानं कोणी न सांगता धरून ठेवलं होतं.

शेवटी बोरवाडीच्या एका म्हाताऱ्यानंच हात जोडले आणि आपल्या बहिणीकडं बोट दाखवलं. पार्वताबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ओट्यावर तूर निवडत बसलेली. शालिकरामनं सांबाराची जुडी पुढं ठेवली आणि खुंटीचा विषय काढला. पार्वताबाई पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"खुटी नाई रे बाप्पा," ती म्हणाली, "थे तर आमच्या खळ्यातली मेढ व्हय."

आणि तिनं सगळं सांगितलं. साल साठच्या आसपासचं. ज्वारी मळायच्या आधी खळं सारवायचं काम पोरींचं. दोनदा सारवायचं. पहिलं सारवण वाळेपर्यंत बसायचं, वाळलं की ती गुळगुळीत जमीन पाहून पायांना थारा नसायचा. सोंगणीला, म्हणजे ज्वारीच्या कापणीला, बाहेरगावाहून आलेली कुटुंबं खळ्याशेजारीच उतरलेली असत. त्यांच्यात पोरी होत्या सहा, म्हणून बोरवाडीच्याही सहाच घेतल्या. चेंडू चिंध्यांचा, वरून सुतळी करकचून बांधलेली. हात शेणानं भरलेले, म्हणून चेंडू पायानंच मारायचा, हात लावला की चेंडू खराब. आणि मेढ म्हणजे खळ्याच्या मधला खांब, ज्याभोवती मळणीला बैल फिरतात. त्याची पूजा झालेली. त्याला पाय लागलेला चेंडू लागला की पार्वताबाईचे वडील काठी घेऊन धावायचे. म्हणून पोरींनीच ठरवलं, मेढीला चेंडू मारणारीनं चेंडू देऊन टाकायचा.

"हे ठरवलं कोणी?" शालिकरामनं विचारलं.

सोंगणीवाल्यांच्या शकुननं, पार्वताबाई म्हणाली. मोठी दांडगी पोरगी. दोन हंगाम आली आणि दोन्ही हंगाम बोरवाडीला हरवून गेली. बाकीच्या पाच जणींची नावं आता आठवत नाहीत, पण शकुनला ती विसरली नव्हती. पुढं तिचं लग्न कुठं झालं, आहे की गेली, काही माहीत नाही. एकदा भेटली असती तर, असं म्हणून म्हातारी पुन्हा तुरीकडं वळली.

परतीच्या गाडीत शालिकरामनं वही उघडलीच नाही. बापाच्या खेळाच्या आधी दहा वर्षं हा खेळ बोरवाडीच्या खळ्यात होता, तोही पोरींचा. खुंटी जुळली, सहाचा आकडा जुळला, हाताचा नियम जुळला. त्याला फार वाईट वाटलं. हे कोणाला सांगितलंच नाही तर? पार्वताबाई काही स्मरणिका वाचायला येणार नव्हती. हा विचार मनात आल्याची त्याची त्यालाच लाज वाटली, आणि तरी तो तीन दिवस त्या विचाराला धरून बसला. त्याला वर आणखी एक प्रश्न छळत होता. जानराव जन्मात कधी बोरवाडीला गेले नव्हते. मग खेळ तिथून खारतळला आला कसा? ती शकुन सापडली तर काही उलगडा होईल म्हणून त्यानं चार गावांत फोन केले. शकुन नावाची कोणी निघेना.

चौथ्या दिवशी शेखर सरांचा फोन आला, मजकूर उद्या द्या. दुपारी दुर्गाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. शालिकराम तिच्यासमोर बसला, आणि जे सांगायला जीभ उचलत नव्हती ते सांगून मोकळा झाला. खळं, मेढ, शेणाचे हात, शकुन, सगळं. बाबांचं नाव उगमात लिहिता येणार नाही, हेही सांगितलं.

दुर्गाबाईनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मग तिनं विचारलं, "पार्वती बरी हाये का? दिसते का तिले?"

लग्नात सासरची माणसं नवरीचं नाव बदलतात, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याच्या स्वतःच्या बायकोचंही बदललं होतं. पण आईचंही कधी दुसरं नाव असेल, आणि ते शकुन असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. मामा लोक तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. माहेर दर्यापूरकडचं, एवढंच तो जाणून होता. सोंगणीला गावोगाव फिरलेलं घर, ही गोष्ट तिनं सासरी कधी काढली नव्हती. नवऱ्याला मात्र सांगितली होती.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी जानराव शाळेत चपराशी लागले. बारा पोरं मोकळ्या तासाला नुसती मारामाऱ्या करतात, काय करावं, असं एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं चुलीपुढच्या राखेत बोटानं खळं काढून त्यांना डाव समजावला होता. मेढ नसली तर खुंटी ठोका, हेही तिनंच सांगितलं.

"मग एवढे दिवस बोलली काहून नाई?" शालिकरामनं विचारलं. सात गावं फिरून आलेला माणूस, त्याचे डोळे भरून आले होते.

"तुह्या बाबाचं नाव छापून येत होतं," ती म्हणाली. "मले थे पाह्यचं होतं. पण पार्वतीनं खरं सांगतलं, आता खोटं लिवू नको. वही आण. आमच्या बाजूच्या पाच जणींची नावं तिले येत नाईत, मले येतात."

तिनं एकेक नाव सांगितलं, कोणत्या गावची तेही सांगितलं. शालिकरामनं लिहून घेतलं. सहाव्या ओळीवर तो थांबला, तेव्हा दुर्गा नको, शकुनच लिव, असं तिनं बजावलं. लिहून झालं. उद्या सकाळी भाजी विकायला न जाता मजकूर पोचवायचा आणि तसंच आईला बोरवाडीला न्यायचं, हे त्यानं तिथंच ठरवलं.

"आन् बाबाचं?" त्यानं हळूच विचारलं.

दुर्गाबाईनं मेथीची पुढची मूठ उचलली.

"त्याचंबी लिव ना. बायकोनं सांगतलेला खेळ त्यानं शाळेत नेला, असं लिव. त्या काळात बायकोचं ऐकत होतं कोण?"