पांढरी चिंधी

दादा गेल्याचं सांगायला वहिनीनं कुणाला पाठवलंच नाही. शेजारच्या बोळातल्या माझ्या घरून मी सकाळी गेले, तेव्हा पडवीतल्या मडक्यातून पाणी ठिबकत होतं आणि आत कुणी बोलत नव्हतं... तेवढ्यावरून कळलं.

माझा थोरला भाऊ मागाचे धोटे करणारा सुतार. यंदाच्या उन्हाळ्यात पेठेतली गोडी विहीर आटली आणि रंगखान्यामागचा आड तेवढा उरला. त्याचं पाणी कधी तांबडं, कधी निळं. दादा लाकडाचा भुसा मडक्यात कोंडायचा, तोंड मातीनं लिंपून भट्टीत ठेवायचा. तो कोळसा धुऊन दुसऱ्या मडक्यात वाळूवर भरायचा. त्या मडक्याच्या बुडाला भोक, भोकाला पांढरी चिंधी. वरून निळं पाणी ओतलं, की खाली नितळ थेंब. रंगखान्यात कामाला असलेला शेजारचा मल्लय्या ते बघायला आला.

"आमचा रंग कुटं ठिवलास रं सुतारा?"

"कोळशाच्या पोटात. परत न्यायचा हाय का?"

"ऱ्हाऊ दे की. पोट कुणाचं बी असंना, कवातरी भरतंयच."

सगळे हसले. दाराआड मीही हसले. आमच्या पेठेत कापड असो की पाणी, पारख रंगावरूनच. चिंधी पांढरी राहिली म्हणजे पाणी चांगलं, त्यापुढे कुणी विचार केला नाही. वहिनीनं एकदा विचारलं, "उकळून घिऊ का?"

"काचंवानी पानी, उकळतीस कशाला? सरपण काय तुज्या म्हायेरनं येतंय व्हय?"

नवा कोळसा भरला, की पहिला तांब्या दादा स्वतः प्यायचा. मग घरातले, मग माझी घागर.

पुढं त्याला ताप आला, अन्न जाईना. डोळे हळदीसारखे झाले. वैद्य म्हणाले, कावीळ, पाण्यातून आली असेल. मल्लय्या उंबऱ्यातून त्याचे डोळे बघून गेला, थट्टा केली नाही. दादा मात्र मला म्हणाला, "पान्यातनं कशी यील? चिंधी बघ की... पांढरी हाय." ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

पाणी आम्ही सगळेच प्यालो आहोत. आता वहिनी रोज सकाळी पोरींना अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं करते आणि त्यांच्या पापण्या वर करून बघते. काल धाकटीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली.

मी पडवीत जाऊन मडकं उपडं केलं, कोळसा उकिरड्यावर टाकला. चिंधी सोडून धुवायला घेतली... धुण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं.